दोन फोन आणि चार क्विंटल कांदा

माझा जुना फोन बादलीत पडून गेला. टर्मवर्क सबमिशनच्या आठवड्यात रात्री अकराला कपडे धुवायला बसलो, फोन शर्टच्या खिशात होता, वाकलो आणि बुडुक. तांदळाच्या डब्यात दोन दिवस ठेवून पाहिला. रूममेट म्हणाला, "आता त्याचा भात लाव." (तांदळाने काही होत नाही, हे नंतर कळलं. फोन लगेच बंद करून उघडून वाळवावा लागतो. मी तर तो चालतोय का म्हणून दर तासाला बटण दाबत होतो, म्हणजे ओल्या सर्किटला स्वतःच्या हाताने करंट देत होतो. आणि म्हणे इंजिनिअर!)

तर नवा फोन घेणं आलं. "नवा" म्हणजे माझ्यासाठी नवा. खिशात होते नऊ हजार. त्यातले चार माझे, ते कशातून साठवले हे विचारू नका, हे मासिक स्टाफही वाचतो. पाच हजार नानांनी दिले. नाना म्हणजे माझे वडील. आमचं गाव कळवण तालुक्यात, अभोण्याच्या अलीकडे. उन्हाळ कांदा नुकताच काढून चाळीत भरला होता. त्यातली एक ट्रॉली घरखर्चासाठी लगेच विकली, तिला बाराशेचा भाव मिळाला. म्हणजे माझ्या हातात चार क्विंटलच्या वर कांदा होता. हा हिशेब मी मुद्दाम केला नव्हता, पण एकदा डोक्यात आला तो गेलाच नाही.

एप्रिल-मे म्हणजे हॉस्टेलमध्ये जुन्या बाजाराचे दिवस. फायनल इयरवाले जायच्या तयारीत असतात. कूलर, गाद्या, ड्राफ्टर, पुस्तकं, सायकली, सगळ्याला गिऱ्हाईक हवं असतं. त्यात दोन फोन माझ्या नजरेत आले. आमच्याच मजल्यावरच्या एका मेकॅनिकलवाल्याचा रेडमी नोट १० प्रो, मागणी साडेसात हजार. आणि बी विंगमधल्या एका कॉम्प्युटरच्या सीनियरचा वनप्लस नॉर्ड सीई फाइव्ह-जी, मागणी दहा हजार. दोघांकडे बिल होतं, खोकं होतं. दोन्ही फोन २०२१ चे. रेडमी मार्चमध्ये आला, नॉर्ड सीई जूनमध्ये. नवे होते तेव्हा रेडमीची किंमत १५,९९९ पासून आणि नॉर्डची २२,९९९ पासून सुरू होत होती. म्हणजे सात हजारांचा फरक होता, तो चार वर्षांत घासून अडीच हजारांवर आला होता. रूममेटच्या मते इथेच विषय संपला. "अरे, महागातला फोन स्वस्तात मिळतोय, डोळे झाकून घे."

मी डोळे झाकले नाहीत. असाइनमेंटच्या वहीचं मधलं पान काढलं, मधोमध रेघ मारली आणि दोन्हीकडे लिहायला लागलो. पुढचे आठ दिवस त्या पानाचा माझ्या एन्डसेमच्या अभ्यासापेक्षा जास्त अभ्यास झाला.

प्रोसेसरवर मी फार वेळ घालवला नाही. रेडमीत स्नॅपड्रॅगन ७३२जी, नॉर्डमध्ये ७५०जी. दोन्ही आठ नॅनोमीटरवर बनलेले, दोन्हीत दोन मोठे आणि सहा छोटे कोअर. ७३२जी चे मोठे कोअर ए७६ जातीचे, ७५०जी चे एक पिढी पुढचे, ए७७. कागदावर नॉर्ड पुढे, हातात घेतल्यावर मला फरक कळला नाही. ज्याला गेममध्ये कळतो त्याने नॉर्ड घ्यावा, मी गेम खेळत नाही. (वेळ नाही म्हणून नव्हे, जमत नाही म्हणून.) पडद्याचं उलटं होतं. रेडमीचा ६.६७ इंच आणि १२० हर्ट्झ, नॉर्डचा ६.४३ इंच आणि ९० हर्ट्झ, दोन्ही अमोलेड. मुख्य कॅमेरा दोन्हीकडे ६४ मेगापिक्सेल. हेडफोनचं भोक दोन्हीला, हे विशेष. रेडमीला मेमरी कार्डाची वेगळी जागा, नॉर्डला ती नाही. रेडमी १९२ ग्रॅमचा, नॉर्ड १७० चा. दोघांची सुरुवात अँड्रॉइड ११ वर, दोघेही १३ पर्यंत आले आणि थांबले. म्हणजे पुढचं अधिकृत अपडेट कुणालाच नाही. जुना फोन घेताना हे मनाला सांगून ठेवावं, नंतर कंपनीच्या नावाने बोटं मोडण्यात अर्थ नाही.

खरी परीक्षा बॅटरीची. चार वर्षं वापरलेल्या फोनच्या बाबतीत खोक्यावरचा आकडा म्हणजे दहावीचे मार्क. ते होते हे खरं, पण आत्ता काय? रेडमीच्या खोक्यावर ५,०२० मिलीअँपिअर-तास, नॉर्डच्या ४,५००. मालकांना विचारलं तर दोघे म्हणाले, "एकदम कडक आहे, दिवसभर जाते." त्यातला एक चार्जर लावूनच बोलत होता.

मग आमच्या इलेक्ट्रिकल लॅबमधल्या काकांकडून यूएसबीचा छोटा मीटर मागून आणला. तो चार्जर आणि फोनच्या मध्ये लावला की किती व्होल्ट, किती अँपिअर आणि एकूण किती वॉट-तास गेले ते दाखवतो. एकच साधा चार्जर, फोन एअरप्लेन मोडवर, वीस टक्क्यांपासून ऐंशीपर्यंत. वीस-ऐंशी अशासाठी, की शेवटच्या टप्प्यात चार्जिंग रेंगाळतं आणि अगदी खालच्या टोकाला टक्क्यांचा आकडा भरवशाचा नसतो. रेडमीने साठ टक्क्यांसाठी ११ वॉट-तास घेतले, नॉर्डने ८.९. आता गणित. बॅटरीचा सरासरी दाब ३.८५ व्होल्ट धरला तर नव्या रेडमीचे साठ टक्के म्हणजे सुमारे ११.६ वॉट-तास आणि नव्या नॉर्डचे १०.४. मीटरमधून गेलेली सगळी वीज बॅटरीत पोहोचत नाही, थोडी उष्णतेत जाते. मी ८८ टक्के पोहोचते असं धरलं. त्या हिशेबाने रेडमीची बॅटरी ८३ टक्के उरली होती आणि नॉर्डची ७५. लिथियमच्या बॅटरीचं असंच असतं, जितक्या वेळा भरा-रिकामी करा तितकी ती झिजते आणि गरम राहिली तर जास्तच. बी विंगवाले साहेब रात्रभर चार्जर लावून, उशीखाली फोन ठेवून झोपायचे. त्यात फोनचा काय दोष?

थोडक्यात, रेडमीत आज साधारण ४,२०० आणि नॉर्डमध्ये ३,४०० च्या आत-बाहेर. माझं ८८ टक्क्यांचं गृहीतक चुकीचं असलं तरी दोघांना सारखंच चुकीचं, म्हणून तुलना टिकते. हे वाक्य मी लॅबच्या काकांनाही ऐकवलं. ते म्हणाले, "ओरलला इतकं बोलला असतास तर?"

शनिवारी एम. जी. रोडला गेलो. नाशिकमध्ये मोबाईलचं काहीही असलं की पाय प्रधान पार्ककडेच वळतात. दोन्ही फोनचे भाव काढले, ते हॉस्टेलच्या मागणीपेक्षा थोडे वरच निघाले, म्हणजे आपली पोरं फसवत नव्हती. नॉर्डची बॅटरी बदलायचे एका दुकानदाराने बाराशे सांगितले. त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, ती इथे लिहून ठेवतो, कुणाच्या तरी कामी येईल. जुना फोन कुणाचाही असो, स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून आयएमईआय नंबर बघा, तो खोक्यावरच्या नंबराशी जुळवा आणि इंग्रजीत केवायएम, मग जागा सोडून तो नंबर, असा एसएमएस १४४२२ ला पाठवा. फोन चोरीचा म्हणून ब्लॉक केलेला असेल तर उत्तरात कळतं. सरकारच्या संचार साथी पोर्टलवरही हे बघता येतं, ते मे २०२३ मध्ये सुरू झालं. आणि मालकाला त्याचं गूगल खातं तुमच्यासमोर फोनमधून काढायला लावा, मगच रिसेट मारा. नाहीतर रिसेटनंतर फोन त्याचाच पासवर्ड मागत बसतो आणि तोवर मालक पुण्याला नोकरीवर रुजू झालेला असतो.

आता उरला फाइव्ह-जीचा मुद्दा. भांडण खरं तिथेच होतं.

रेडमी फोर-जीचा, नॉर्ड फाइव्ह-जीचा. आपल्याकडे फाइव्ह-जी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं. त्याआधी अडीच वर्षं फाइव्ह-जीचे फोन विकले जात होते आणि लोक ते फोर-जीवर वापरत होते. सुरू झाल्यावरही बऱ्याच फोनना कंपनीच्या अपडेटची वाट बघावी लागली. खोक्यावर फाइव्ह-जी छापलेलं असणं आणि आपल्या सिमवर ते चालणं या दोन गोष्टी वेगळ्या, म्हणून माझं सिम नॉर्डमध्ये घालून पाहिलं. चाललं. हॉस्टेलच्या गच्चीवर १८० एमबीपीएस. रूममेटने टाळी दिली.

मला फाइव्ह-जी का हवं होतं ते सांगतो. डिसेंबरमध्ये एका इंटर्नशिपची ऑनलाइन टेस्ट होती. कॅमेरा सुरू ठेवून द्यायची, खिडकी बदलली की वॉर्निंग, कनेक्शन गेलं की संपलं. तेविसाव्या प्रश्नाला वायफाय गेलं. परत आलं तेव्हा पडद्यावर "धन्यवाद" लिहिलेलं होतं. चूक कुणाची यात जात नाही. जुन्या फोनचा हॉटस्पॉट लावेपर्यंत सगळं आटोपलं होतं. जुलैपासून आमचा प्लेसमेंटचा सीझन. त्यामुळे फोन म्हणजे माझ्यासाठी टेस्टच्या दिवशीची दुसरी दोरी होती. ती जाड असावी असं वाटणारच.

फक्त नॉर्डचा हिशेब दहा हजारांवर थांबत नव्हता. बॅटरी बाराशे. शिवाय जुलै २०२४ मध्ये रिचार्ज महागले तेव्हा अमर्यादित फाइव्ह-जी रोज दोन जीबीच्या आणि त्यावरच्या प्लॅनपुरतंच ठेवलं गेलं. त्या दरांनी माझ्या सिमवर दीड जीबीचा २८ दिवसांचा प्लॅन २९९ ला, दोन जीबीचा ३४९ ला. पन्नास रुपयांचा फरक, वर्षाला तेरा रिचार्ज, साडेसहाशे रुपये. म्हणजे नॉर्ड हातात यायला ११,२०० आणि नंतर वर्षाचे साडेसहाशे. माझ्याकडे नऊ. बावीसशे कमी पडत होते.

शेवटी ठरवलं, दोन्ही फोन घरी नेऊन बघायचे. कारण वर्षातले तीन महिने मी गावाला असतो आणि तिथे रेंज म्हणजे नशीब. मेकॅनिकलवाल्याने माझं आयकार्ड ठेवून घेतलं. बी विंगवाल्याने लॅपटॉप गहाण ठेवला. शुक्रवारी दुपारी दोन फोन दोन खिशांत घालून कळवणच्या एसटीत बसलो. एकाच वेळी दोन फोन काढून त्यांच्यावर आकडे बघत बसलेला मुलगा पाहून शेजारच्या आजींनी पिशवी दुसऱ्या मांडीवर घेतली.

गावाला फाइव्ह-जी नाही. नॉर्डही मुकाट्याने फोर-जीवर आला. मी एकच सिम आलटून-पालटून दोन्ही फोनमध्ये घातलं. घरात एक कांडी, चाळीजवळ दोन, पाराजवळ तीन, दोघांना सारख्याच. डोंगराआड लांबून येणारी आमची रेंज ८५० मेगाहर्ट्झची असते, कमी फ्रीक्वेन्सीची लहर लांब जाते आणि भिंतीतून बरी शिरते, हे आपण शिकलोय. तो बँड दोन्ही फोनना आहे. म्हणजे अडीच हजार जास्त देऊन आईचा आवाज काही जास्त स्पष्ट येणार नव्हता.

रेडमीच्या डोक्यावर एक काळा ठिपका आहे, इन्फ्रारेडचा. आमच्या टीव्हीचा रिमोट दिवाळीपासून हरवलेला. आई खुर्चीवर चढून टीव्हीच्या मागचं बटण दाबायची. मी फोन टीव्हीकडे धरला, कंपनी निवडली आणि टीव्ही सुरू झाला. आईने तो कॅमेऱ्याचा आकडा विचारला नाही, पडद्याचे हर्ट्झ विचारले नाहीत. म्हणाली, "हाच घे."

रात्री नानांनी विचारलं, "दोन-दोन कशाला आणले?"

मी सांगितलं. वहीचं पान दाखवलं. नाना बी-बियाणांच्या पावत्या वाचतात तसं ते बारीक वाचलं. मग म्हणाले, "तुझ्या परीक्षेला कोणता बरा?"

मी म्हणालो, "हा बारका."

"किती कमी पडता?"

"बावीसशे."

नाना उठून चाळीकडे गेले. मी मागे गेलो. बॅटरी मारून ते कांद्याकडे बघत होते. बावीसशे म्हणजे दोन क्विंटलही नाही, पण दोन क्विंटलसाठी कुणी ट्रॅक्टर लावत नाही. न्यायची तर पूर्ण ट्रॉली न्यावी लागते, वीस क्विंटल, बाराशेच्या भावात. नानांचा बेत तो कांदा दिवाळीच्या तोंडापर्यंत धरायचा होता. धरण्यातही जुगारच. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं तेव्हा आमचा कांदा असाच चाळीत होता, जिल्ह्यातल्या बाजार समित्यांमधले लिलाव काही दिवस बंद राहिले आणि चाळीतला माल सडायला लागला. तरी बाराशेत विकायचं नाही हे त्यांनी या वर्षी ठरवलं होतं. ते म्हणाले, "सोमवारी टाकू एक ट्रॉली. तशीही टाकायचीच." तशीही टाकायची नव्हती, हे मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यांनाही.

मी म्हणालो, "थांबा. एक बघायचं राहिलंय."

ते खरंच राहिलं होतं, आणि इतके दिवस ते मला सुचलं कसं नाही याचं आश्चर्य वाटतं. मी गच्चीवर १८० चा आकडा बघून खूश झालो होतो, पण टेस्टला किती लागतं हे बघितलंच नव्हतं. रविवारी रात्री हॉस्टेलला परतलो, लॅपटॉप सोडवला आणि सोमवारपासून तीन दिवस रेडमीच्या हॉटस्पॉटवर मोजत बसलो. रात्री अकराला, सगळं हॉस्टेल जेव्हा मोबाईलमध्ये डोकं घालून असतं, तेव्हा फोर-जीवर १.८ एमबीपीएस. सकाळी दहाला १४. दुपारी तीनला ११. मग एका मित्राला समोर बसवून तासभर व्हिडिओ कॉल केला आणि शेजारी एक सराव टेस्ट सोडवली, तेव्हा एकूण वापर दोन एमबीपीएसच्याही वर क्वचित गेला. कॅमेऱ्याच्या टेस्टला वेगापेक्षा न तुटणं महत्त्वाचं. आणि टेस्ट रात्री अकराला कुणी ठेवत नाही. रात्री अकराला मला फाइव्ह-जी कशासाठी हवं होतं हे रूममेटने मोठ्याने सांगितलं, ते इथे छापण्यासारखं नाही. रील्स, आणखी काय.

तरी एक खरं सांगतो. हा हिशेब मी रेडमीच्या बाजूने लागावा म्हणून केला का, याची मला आजही खात्री नाही. चाळीतली ती बॅटरी डोळ्यांसमोर असताना दुपारचा आकडा ११ ऐवजी ४ आला असता तरी मी "चालतंय" म्हणालो असतो, अशी शंका येते. इंजिनिअरने आधी उत्तर ठरवून मोजमाप करू नये, हे पहिल्या वर्षाच्या फिजिक्स प्रॅक्टिकलपासून ऐकतोय. आणि पहिल्या वर्षापासून आपण सगळे तेच करतोय, रीडिंग आधी, प्रॅक्टिकल नंतर.

रेडमी ७,२०० ला घेतला. तीनशे मी घासाघीस करून कमी केले, त्यातल्या शंभराची त्याला मिसळ खाऊ घालावी लागली. बी विंगचा नॉर्ड दोन दिवसांत फर्स्ट इयरच्या एका मुलाने नेला. त्याला बॅटरीचं मी सांगितलं होतं, त्यामुळे सीनियर माझ्याशी दोन दिवस बोलला नाही.

जुलैत पहिली टेस्ट झाली. वायफाय त्या दिवशी एकदाही गेलं नाही. फोन बाजूला हॉटस्पॉट लावून नुसता गरम होत बसला होता. दुसरी टेस्ट ऑगस्टमध्ये. चाळिसाव्या मिनिटाला वायफाय गेलं, लॅपटॉपने आपोआप हॉटस्पॉट पकडला, मधे सात-आठ सेकंद गेले असतील. तेवढ्यात माझ्या कानातून काय काय ऐकू आलं ते सांगत नाही. टेस्ट पूर्ण झाली. पुढच्या राउंडला निवड झाली नाही, पण ते ॲप्टिट्यूडमुळे, नेटवर्कमुळे नव्हे.

उरलेल्या अठराशेतले पंधराशे नानांना परत पाठवले. ते रागावले. म्हणाले, "दिलेलं परत घ्यायला मी काय पतपेढी आहे का?" मग म्हणाले, दोन वर्षांनी बॅटरी जाईल तेव्हा लागतील, माझ्याकडे ठेवलेत. मग बराच वेळ कांद्याच्या भावाबद्दल बोलत राहिले. त्या दिवशी आवाज चांगला येत होता, ते पारावर बसले असावेत.

आणि टीव्हीचा रिमोट सापडला. गव्हाच्या कोठीत. तो तिथे कसा गेला यावर घरात अजून एकमत नाही.

— तृतीय वर्ष, अणुविद्युत व दूरसंचार अभियांत्रिकी